सहलीला जाताना भीड घरी ठेवा

दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्याकडे चौकाचौकांत कोकणदर्शनाचे फलक लागतात. दोन रात्री, तीन दिवस; चहा, नाश्ता, जेवण, निवास आणि सोबत मार्गदर्शक. पहाटे साडेपाचला कोल्हापुरातून बस सुटते. मलकापूरला चहा, मग आंबा घाट उतरून साखरप्यामार्गे गणपतीपुळे. दुसऱ्या दिवशी आरे-वारेचा किनारा, रत्नागिरीचा थिबा राजवाडा, पावसची स्वामी स्वरूपानंदांची समाधी आणि रात्री मालवण. तिसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहून फोंडा घाटाने घरी परत.

अशा सहलीला जरूर जावे असेच मी माझ्या रुग्णांना सांगतो. विशेषतः निवृत्त माणसांना चार दिवसांचा बदल मानवतो. झोप सुधारते, बोलायला माणसे मिळतात. पण सहलीचा हंगाम सुरू झाला की दवाखान्यात एक ठरावीक गर्दीही सुरू होते. कोणाला लघवीची जळजळ, कोणाची पोटरी सुजलेली, कोणाची साखर बिघडलेली. विचारपूस केली की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येते : "गाडी थांबवा म्हणायला भीड वाटली, डॉक्टर."

आज या भिडेबद्दलच लिहायचे आहे. सहलीची बस वेळापत्रकाप्रमाणे चालते. आपले शरीर स्वतःच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते. दोहोंचा मेळ बसला नाही, तर थांबायचे बसने, शरीराने नव्हे.

एक प्रसंग

सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ. प्रोस्टेट ग्रंथी थोडी वाढलेली, पण घरी असताना फारसा त्रास नव्हता. घाटात उलटी नको म्हणून त्यांनी पहाटे गाडी लागण्याची गोळी घेतली. मलकापूरला चहा घेतला, पण प्रसाधनगृहासमोर रांग होती म्हणून तसेच बसमध्ये येऊन बसले. घाट उतरल्यावर लघवीची भावना तीव्र झाली. बसमध्ये चाळीस माणसे, त्यात निम्म्या बायका. आपल्या एकट्यासाठी बस कशी थांबवायची, म्हणून ते गप्प बसले. गणपतीपुळ्याला पोहोचून धावत गेले, तर लघवी होईना. संकोचामुळे हेही कोणाला सांगितले नाही. रात्री अकरा वाजता पोट दगडासारखे झाले तेव्हा पत्नीला कळले. रुग्णालयात नळी घालावी लागली. पाऊण लिटरहून अधिक लघवी निघाली. सहल तिथेच संपली आणि नळी आठवडाभर बाळगावी लागली.

यात झाले काय? आपल्या मूत्राशयात साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते. त्याहून फार ताणले गेले की त्याचा स्नायू थकतो आणि नेमक्या वेळी आकसत नाही. पुढे प्रोस्टेटने वाट अरुंद केलेली. त्यात भर त्या गोळीची. गाडी लागण्याच्या बऱ्याच गोळ्या, तसेच सर्दीच्या काही गोळ्या, मूत्राशयाचे आकुंचन कमजोर करतात. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि दार बंद झाले. यातली निदान एक गोष्ट पूर्णपणे त्यांच्या हाती होती. "दादा, पाच मिनिटं गाडी थांबवा", एवढे एक वाक्य.

भगिनींसाठी

आपल्या माताभगिनींचा उपाय वेगळा असतो. त्या लघवी तर रोखतातच, पण मुळात पाणीच पीत नाहीत. आदल्या रात्रीपासून घोट घोट मोजून पितात. परिणामी लघवी कमी आणि दाट होते, ती तासन्तास साठून राहते आणि जंतूंना वाढायला वेळ मिळतो. स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू सहज वर चढतात. मग जळजळ, वारंवार लागणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर बाजूला दुखू लागले, तर विकार मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कोकणातली हवा दमट असते. घाम खूप येतो, पण लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जात राहते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे पाणी प्यावे. निघण्यापूर्वीच मार्गदर्शकाला सांगून ठेवावे की दर दोन तासांनी स्वच्छ प्रसाधनगृह असेल अशा ठिकाणी बस थांबली पाहिजे. चार बायकांनी मिळून सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही. आणि खरे सांगायचे तर एकीने बस थांबवली की पंधराजणी उतरतात!

गाडी का लागते?

आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. घाटात बस वळते तेव्हा ते मेंदूला कळवते, 'आपण हलतो आहोत'. डोळे मात्र पुढच्या आसनाच्या पाठीकडे किंवा मोबाइलकडे लागलेले असतील तर ते कळवतात, 'सगळे स्थिर आहे'. या दोन उलटसुलट निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि तोंडाला पाणी सुटणे, घाम, मळमळ, उलटी हा क्रम सुरू होतो.

म्हणून पहिला उपाय डोळ्यांचा. समोरच्या रस्त्याकडे किंवा दूरच्या डोंगराच्या रेषेकडे पाहावे. वाचन आणि मोबाइल घाट संपेपर्यंत बंद. आसन पुढच्या भागातले किंवा दोन्ही चाकांच्या मधले घ्यावे. शेवटच्या रांगेत हिसके सर्वाधिक बसतात. ज्याला गाडी लागते त्याने आसन बदलून मागायला लाजू नये. पोट रिकामेही नको आणि मिसळीने तुडुंब भरलेलेही नको. दोन इडल्या किंवा थोडे पोहे पुरेत. आलेपाकाची वडी चघळल्याने काहींना बरे वाटते.

गोळी घ्यायचीच असेल तर घाट सुरू होण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. या गोळ्यांनी झोप येते आणि तोंडाला कोरड पडते. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देणे धोक्याचे आहे; दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन तर कधीच देऊ नये.

मधुमेह आणि उशिराचे जेवण

सहलीत जेवणाची वेळ हमखास पुढे जाते. घाटात कोंडी होते, देवळात रांग असते. निरोगी माणसाला याने फक्त भूक लागते. पण साखर उतरवणारी गोळी, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या वर्गातली, किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

मागे एका सहलीत एक आजी दुपारी दीड वाजता खिडकीच्या जागेवरून भांडू लागल्या. सहप्रवाशांना वाटले, स्वभावच तसा असेल. त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे असंबद्ध झाले, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका परिचारिका बाईंनी ओळखले. साखरपाणी पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आजी शुद्धीवर आल्यासारख्या बोलू लागल्या. त्यांना भूक बारा वाजताच लागली होती. पिशवीत लाडूही होते. पण सगळ्यांच्या देखत एकटीने कसे खायचे!

अचानक घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. ताबडतोब तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. नंतर पोळी, बिस्किटे असे काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून सरळ रुग्णालय गाठावे.

जेवणापूर्वीची गोळी किंवा इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घेऊ नये. साखरेची पुडी आणि खाण्याचा डबा हाताशी ठेवावा, डिकीतल्या बॅगेत नव्हे. इन्सुलिनही डिकीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये ठेवू नये. ओल्या कापडात गुंडाळलेल्या डब्यात ते बरे राहते. बर्फाला मात्र थेट टेकू देऊ नये.

लघवी वाढवणारी गोळी घेणारे अनेकजण प्रवासात ती परस्पर बंद करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांतही ती मिसळलेली असते. हृदयविकाराच्या रुग्णाला हे महागात पडू शकते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बहुधा मार्ग निघतो.

पायांना विसरू नका

रत्नागिरीहून मालवणला जाताना चार तास सहज मोडतात. पाय लोंबकळत ठेवून इतका वेळ बसले की पोटऱ्यांतले रक्त वर चढायला आळसते आणि क्वचित नसेत गुठळी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर अशा गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात हा धोका फार लहान आहे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, फार स्थूल व्यक्ती आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी काळजी घ्यावी.

उपाय बिनपैशाचा आहे. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. अर्ध्या तासाने असे वीस-पंचवीस वेळा करावे. बस थांबली की उतरून चार पावले चालावे. परतल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली तर चोळू नये, दाखवावी. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणही दवडू नये.

समुद्रावर आणि ताटावर

भीड एरवी गप्प बसवते, समुद्रावर मात्र ती नको ते करायला लावते. मित्र पाण्यात उतरले म्हणून आपणही उतरायचे! गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला लोभस, पण किनाऱ्याजवळच खोली झपाट्याने वाढते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तिथे बुडून अनेकांचे प्राण गेले आहेत. पाय भिजवावेत, गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. सिंधुदुर्गाच्या होडीत जीवरक्षक जॅकेट मागून घ्यावे आणि पट्टे बांधून घ्यावेत, मग फोटो कसाही येवो.

मासे ताजे आणि गरम खावेत. बांगड्यासारखा मासा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे असा त्रास होतो. चव तिखट, झोंबल्यासारखी लागली तर यजमानांना काय वाटेल याचा विचार न करता ताट बाजूला सारावे. कोकम सरबत आणि शहाळे उत्तम. मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळे डॉक्टरांना विचारूनच प्यावे, कारण त्यात पोटॅशियम असते.

जुलाब लागल्यास जलसंजीवनीची पुडी एक लिटर शुद्ध पाण्यात कालवून थोडी थोडी प्यावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मापात चूक करू नये.

निघण्यापूर्वी

रोजची औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. एका कागदावर आपले आजार, औषधांची नावे व मात्रा आणि घरचा फोन नंबर लिहून तो खिशात ठेवावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेची सेवा २०१४ पासून आहे, हे लक्षात असू द्यावे. आणि बस सुटण्यापूर्वी मार्गदर्शकाला बाजूला घेऊन सांगावे : मला मधुमेह आहे, किंवा मला वरचेवर जावे लागते. या माणसाला रोज असे प्रवासी भेटतात. त्याला यात नवल वाटत नाही.

ते गृहस्थ यंदा पुन्हा कोकणात जाणार आहेत. प्रोस्टेटचा औषधोपचार सुरू आहे. परवा दवाखान्यात येऊन म्हणाले, "डॉक्टर, या वेळी मार्गदर्शकाच्या शेजारचीच जागा मागून घेतली आहे." मी त्यांना म्हटले, तुमचे निम्मे औषध तेच.