ग्रो लाइट घेताना

बंगळुरूच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या आसपास दाटीवाटीची घरं. तळमजल्याच्या खिडकीत ऊन येत नसेल, तर साधी मेथीही लांबुडकी, फिकट वाढते. तिथे ग्रो लाइट कामी येतो. फक्त खोक्यावरचे वॉट आणि ल्युमेन पाहून तो घेऊ नये. वॉट हा विजेचा खर्च, आणि ल्युमेन मोजतात माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने. रोपाला हवा ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश. तो पानांवर किती पडतो, हे ‘पीपीएफडी’ सांगतो. दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे २०० मायक्रोमोल, रोज १४ तास, एवढ्यावर पालेभाजीचं भागतं. एका ज्यूलमागे २.५ मायक्रोमोल देणारा एलईडी चांगला. हा आकडा न सांगणाऱ्या विक्रेत्याचा जांभळा झगमगाट दुकानातच राहू द्यावा. पांढऱ्या एलईडीवरही रोपं उत्तम येतात. ४० वॉटचा दिवा १४ तास लावला, तर महिन्याला जवळपास १७ युनिट.

शेवंतीचं गणित उलटं. तिला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. टायमर घ्याच.

परदेशात हे दिवे गांजासाठीही खपतात. गांजालाही शेवंतीसारखीच लांब रात्र हवी असते, पण आपल्याकडे तो प्रयोग नको. एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार विनापरवाना गांजाची लागवड केल्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.