स्त्रियांच्या सवयी आणि ख्रिस्ती धर्माने दिलेला धीर



बायकांची प्रगती बायकांच्याच सवयींमुळे अडते, असे आपल्याकडे पुष्कळदा म्हटले जाते. सभेत मागे बसावयाचे, विचारल्याखेरीज बोलावयाचे नाही, विचारले तरी ‘मला काय कळतंय’ म्हणून मोकळे व्हावयाचे. स्वतःचे काम सगळ्या घराचे आटोपल्यावर, म्हणजे बहुधा कधीच नाही. ही यादी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. सवय जडते कशी आणि सुटते कशी? नुसत्या उपदेशाने ती सुटत असती तर आपल्या देशात एकही वाईट सवय उरली नसती!

मी ख्रिस्ती नाही. माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले. पण खचलेल्या माणसाला उभे करण्याची रीत जेथे सापडेल तेथून ती शिकावी, एवढे या चळवळीने मला शिकविले. ख्रिस्ती धर्मात अशी एक रीत आहे, आणि तिचा मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे.

प्रथम मूळ धर्मग्रंथाकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका बाईची हकीकत आहे. अठरा वर्षे ती कमरेत वाकलेली होती. तिला सरळ उभे राहताच येत नसे. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी ती सभास्थानात आली. तिने काही मागितले नाही. येशूनेच तिला पाहिले, जवळ बोलाविले, तिच्यावर हात ठेविला आणि ती सरळ झाली. सभास्थानाचा अधिकारी रागावला. कामाचे सहा दिवस आहेत, बरे व्हावयाचे तर त्या दिवशी यावे, असे तो लोकांना म्हणाला. येशूचे उत्तर मोठे मार्मिक आहे. विश्रांतीच्या दिवशीही तुम्ही बैल सोडून पाण्यावर नेता. मग अब्राहामाच्या या कन्येला बंधनातून सोडवू नये काय?

हा चमत्कार आहे की नाही या वादात मी शिरत नाही. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. तू वाकलीस कशी, असा जाब तिला कोणी विचारला नाही. तिला मागून पुढे बोलाविले. सर्वांदेखत तिला कुळाचे, मानाचे नाव दिले. आणि ‘सवडीने ये’ असे सांगितले नाही, त्याच दिवशी तिला हात दिला.

त्याच शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या दोन बहिणी आहेत. पाहुणा घरी आला म्हणून मार्था कामाने वेढलेली, तर मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे. गुरूच्या पायाशी बसणे म्हणजे शिष्यत्व घेणे. हिला मदतीला पाठवा, असे मार्था म्हणते. येशू मरीयेला उठवीत नाही. तिने निवडलेला वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, असे सांगतो. ‘आधी सगळ्यांचे, मग माझे’ या सवयीला इतके सौम्य आणि इतके ठाम उत्तर मला दुसरे ठाऊक नाही.

आता आपल्या मुलखात येऊ. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. 1882 साली, वैधव्य आल्यावर थोड्याच महिन्यांनी, त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात उपदेशाचा भाग मोठा आहे. आळस सोडा, शिका, स्वतःच्या पायावर उभ्या राहा, असे त्या बायकांना बजावितात. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत गेल्यावर 1887 साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले. तेथे सूर बदलतो. बालविवाह, वैधव्याची वागणूक, अक्षराची बंदी, यांनी बाई अशी घडते, हे त्या दाखवितात. आणि 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. आधी उपदेश, मग कारणाचा शोध, मग व्यवस्था, अशा या तीन पायऱ्या आहेत. आपल्यापैकी बरेचजण पहिल्याच पायरीवर बसून राहतात.

शारदा सदनातल्या आरंभीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच वर्षी सदनात धर्मांतराचा प्रयत्न होतो म्हणून पुण्यात मोठे वादळ उठले आणि पुष्कळ मुली पालकांनी काढून नेल्या. तो वाद लपविण्याचे कारण नाही. शिक्षणाच्या जागी धर्माचा आग्रह किती असावा, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही खरा आहे. परंतु गोदूबाई ख्रिस्ती न होताही तेथून ताठ मानेने बाहेर पडल्या, हेही तितकेच खरे.

1896 च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी तेथून शेकडो मुली-बायका आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन वसविले. उपासमारीने आणि अत्याचाराने खचलेल्या या बायका. त्यांना प्रार्थना होती, तसेच कामही होते: शेती, गुरे, विणकाम, शिवण, छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेले बायबल याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापले. रमाबाई 1922 साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला. ज्या बाईला ‘तुला काय कळतंय’ असे जन्मभर ऐकविले, तिच्या हातून ग्रंथ छापून निघाला. मग कळण्याविषयी तिला वेगळे व्याख्यान कशाला हवे?

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. माहेरी कडकडीत सोवळे. तोच संस्कार अंगात मुरलेला. पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे काही काळ वेगळे पाळले. ते त्यांनी कोणाच्या सक्तीने सोडले नाही. जातिभेद माणसाने केला आहे हे मनाला पटल्यावर सोडले. पुढे 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले आणि साठी उलटत असता ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्या पुस्तकात स्वतःच्या वेडेपणावर त्या मोकळेपणी हसतात. ज्याला क्षमा आहे असे वाटते त्याला स्वतःवर हसता येते, आणि सवयीची अर्धी पकड तेथेच सुटते. ख्रिस्ती धर्मातला मोठा धीर मला हाच दिसतो. माणसाची किंमत त्याच्या यशावर ठरत नाही, म्हणून काल पडलो तरी आज पुन्हा उठावयास लाज नाही.

आमच्या विडी कामगार भगिनींचे पाहा. हजार विड्या मोजून दिल्या की ठेकेदार त्यातल्या काही ‘खराब’ म्हणून बाजूला काढतो. बाई गप्प बसते. लोक म्हणतात, बायकांना बोलावयाची सवयच नाही. पण एकटी बोलली तर पुढच्या खेपेस तिच्या वाट्याला फाटकी पाने येतात, हे तिला पक्के ठाऊक असते. तिचे गप्प बसणे हा अडाणीपणा नाही, तो तिचा हिशेब आहे. वाकणे ही मार चुकविण्याची जुनी युक्ती असते. मार थांबला तरी पाठ वाकलेलीच राहते, तेव्हा तिला सवय म्हणतात. दहाजणी एकत्र उभ्या राहिल्या की हिशेब बदलतो, आणि मग तोंडही उघडते.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. बाईच्या सवयीला दोष देण्यापूर्वी त्या सवयीने तिला कशापासून वाचविले ते शोधावे. तिला पुढची जागा द्यावी, आणि नावाने हाक मारून द्यावी. उपदेशाबरोबर हातात काम द्यावे, आणि त्या कामावर तिचा हक्क ठेवावा. आणि भगिनींनो, तुमच्याकडूनही एक मागणे आहे. सगळे आटोपल्यावर करू म्हणून जे बाजूला ठेविले आहे, मग ते अक्षर असो, हिशेब असो की सभेत विचारावयाचा प्रश्न असो, त्याला दिवसातली एक ठरलेली वेळ द्या आणि शेजारणीला सोबत घ्या. ती वेळ कोणी मागितली तर मरीयेची आठवण ठेवा आणि जागेवरून उठू नका.