दात येताना हिरड्यांना काय लावावे?

सुगीच्या दिवसांत घरची माणसे शेतावर जातात आणि मागे आजीजवळ राहिलेले बाळ दिवसभर किरकिरते. लाळ गळते, हाताला लागेल ते चावते. मग कोणी औषधाच्या दुकानातून हिरड्यांना चोळायचे जेल आणतो. ते लावण्यापूर्वी थोडी माहिती घेतलेली बरी.

बहुतेक बाळांना सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढचे दात येतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत वीसही दुधाचे दात पुरे होतात. एकेका दाताचा त्रास थोड्या दिवसांचाच असतो.

अशा अनेक जेलमध्ये लिग्नोकेन किंवा बेन्झोकेन ही बधिर करणारी औषधे असतात. लाळेमुळे जेल हिरडीवर टिकत नाही. आई पुन्हा लावते आणि औषध पोटात जात राहते. बेन्झोकेनने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच घटते, ओठ व नखे निळसर पडतात आणि जिवावर बेतते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१८ साली दोन वर्षांखालील मुलांना ते वापरू नये असे बजावले. लिग्नोकेन जास्त गेल्यास झटके येऊ शकतात, हृदयालाही धोका असतो. काही जेलमध्ये सॅलिसिलेट असते. तेही लहान मुलांसाठी नव्हे. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणतेही जेल लावू नका.

मधात टाकणखार कालवून लावण्याची जुनी चालही सोडावी. टाकणखार विषारी आहे आणि वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये.

मग करावे काय? साबणाने हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी हलकेच चोळावी. शेतात फवारणी करून आलेल्याने तर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला हातही लावू नये. स्वच्छ फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, आपल्या देखत चावायला द्यावे. लाळ वरचेवर पुसावी. गाजराचा तुकडा देऊ नये, तो घशात अडकतो. गळ्यातला काळा दोरा किंवा पदकाची साखळी काढून ठेवावी. तिचा फास बसू शकतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, दातांमुळे मोठा ताप येत नाही आणि जुलाबही लागत नाहीत. या वयात बाळ रांगते, जमिनीवरचे तोंडात घालते, त्यातून रोगजंतू पोटात जातात. "दात येताहेत, आपोआप थांबेल," म्हणून दोन दिवस काढले तर शरीरातले पाणी आटून बाळ दगावू शकते. जुलाब लागताच अंगावरचे दूध चालू ठेवा, क्षारसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून थोडे थोडे पाजा आणि आरोग्य केंद्रात न्या. ताप १००.४ अंशांवर गेला, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडले, तर शेतातले काम तसेच टाकून निघा. पीक एक दिवस थांबेल.