बोटीवरची प्रेमकथा आणि बंद झालेले किनारे

प्रवासात जुळणारे प्रेम हा कादंबरीकारांचा जुना, आवडता विषय. निळा समुद्र, उष्ण कटिबंधातील चांदणी रात्र, रिकामा डेक आणि घरापासून दूर आलेले दोन तरुण जीव, एवढे साहित्य जमले की पुढचे वाचक स्वतःच रचू लागतो. १९३९ साली प्रसिद्ध झालेली विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही छोटेखानी कादंबरी हाती घेताना अशीच अपेक्षा निर्माण होते. मात्र पुस्तक मिटताना आपण केवळ एक प्रेमकथा वाचली, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

कथानक थोडक्यात सांगता येते. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण युरोपातून बोटीने मायदेशी परततो आहे. पूर्वीच्या प्रेमभंगाने त्याचे मन कडवट झालेले. याच बोटीवर हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी आहे. तिची त्याची ओळख होते आणि काही दिवसांच्या सहवासात ती ओळख दोघांच्याही आवाक्याबाहेर जाते. फरक एवढाच, की चक्रधर घरी चालला आहे आणि हॅर्टाला घरच उरलेले नाही. त्याच्यासाठी मुंबई हा प्रवासाचा शेवट. तिला मात्र तशीच पुढे पूर्वेकडे जायचे आहे.

ज्यू निर्वासित पूर्वेकडे का निघाले होते, हे समजून घेतल्याशिवाय या कादंबरीचे मर्म कळत नाही. हिटलर १९३३ साली सत्तेवर आला. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क हिरावून घेतले. जुलै १९३८मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले, सहानुभूती भरपूर व्यक्त झाली. पण बहुतेकांनी आपली दारे अधिक उघडण्यास नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली आणि हजारोंची रवानगी छळछावण्यांत झाली. देश सोडू पाहणाऱ्यांच्या पासपोर्टवर ‘जे’ हे लाल अक्षर उमटवले जाई आणि सोबत फारच थोडी रोकड नेऊ दिली जाई. अशा वेळी व्हिसाविना प्रवेश मिळू शकेल असे जगातील जवळजवळ एकच मोठे शहर उरले होते, ते म्हणजे चीनमधील शांघाय. युद्धापूर्वीच्या त्या थोड्या काळात सुमारे सतरा-अठरा हजार ज्यू निर्वासितांनी शांघाय गाठले. त्यातील अनेकजण इटलीच्या बंदरांतून सुएझमार्गे, मुंबईवरून पुढे गेले.

म्हणजे बेडेकरांनी कल्पनेतून परके जग उभे केले नव्हते. आपल्या बंदरावरून जाणारा इतिहास त्यांनी टिपला होता. ते स्वतः चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी इंग्लंडला जाऊन याच सुमारास परतले होते. सुशिक्षित मध्यमवर्ग ज्या काळात ना. सी. फडके यांच्या नीटनेटक्या प्रेमकथांत रमला होता, त्या काळात हे पुस्तक आले, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. येथे प्रेमाच्या आड वडील, जात किंवा गैरसमज येत नाही. कागद आणि शिक्के आड येतात. हातात हात असतो, पण किनाऱ्यावर उतरण्याची मोकळीक नसते. म्हणूनच प्रेमकथेला ‘रणांगण’ हे नाव शोभते. अजून न पेटलेले महायुद्ध बोटीवरील दोन मनांत आधीच सुरू झालेले आहे. शेवट येथे सांगत नाही. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी तो स्वतःच वाचावा.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बीड जिल्ह्यातील वाचकाचा या कथेशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. त्या वेळी हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ त्याच वर्षी सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले. अन्याय येथेही होता. पण एक दार बंद झाले तर सीमेपलीकडे दुसरे उघडे होते. हॅर्टापुढे तेवढेही नव्हते. दोन्ही दुःखे एका मापाने मोजू नयेत, परंतु उघड्या दाराची किंमत त्यातून कळते.

आजही दसरा उलटला की या जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी घराला कुलूप लावतात. हंगाम संपला की परतण्यासाठी गाव असते, हाच त्यांचा आधार. तो आधारच काढून घेतला तर माणसाचे काय होते, हे ‘रणांगण’ सांगते. विरंगुळा म्हणून ते हाती घ्यायला हरकत नाही. मात्र तेवढ्यावर ते आपल्याला सोडणार नाही.