धनगराच्या घोड्याला हाकलू नका

भातकापणी आली, की कोकणाकडे निघालेले मेंढपाळ धनगर घोड्यांवर बिऱ्हाड लादून भोर-वेल्ह्याकडून जाताना तुम्ही पाहिले असतील. अशा एखाद्या घोड्याला ताप भरतो, तो वैरण सोडतो, मान टाकून उभा राहतो, चालताना झोकांड्या खातो. लगेच गावात कुजबुज होते, ‘पोरांना ताप लागेल, हाकला त्यांना!’

जरा थांबा. हा जपानी मेंदूज्वर असला, तरी घोड्यापासून तो माणसाला होत नाही. त्याचे विषाणू वाढतात बगळ्यांच्या आणि डुकरांच्या रक्तात. भातखाचराच्या पाण्यात होणारे क्युलेक्स डास ते उचलतात आणि दिवस मावळल्यावर माणसालाही चावतात, घोड्यालाही. घोड्याच्या रक्तात विषाणू इतके थोडे, की पुढच्या डासाला ते मिळतच नाहीत.

तेव्हा डुकरे घरापासून लांब ठेवा, मुलांना मच्छरदाणीत निजवा. २०२५ साली पुणे जिल्ह्यात मुलांना या रोगाची लस देण्याची मोहीम झाली. तुमच्या मुलाची राहिली असेल, तर आरोग्य केंद्रात विचारा. खाचर मधूनमधून सुकवले तर अळ्या मरतात म्हणे. हे सांगणाऱ्याने आषाढात एकदा मावळात यावे!

एक मात्र जपा. पिसाळलेला घोडाही असाच झोकांड्या खातो. त्याच्या तोंडात हात घालून औषध पाजू नका, लाळ अंगाला लागू देऊ नका. सरकारी पशुवैद्यांना बोलवा. मेंदूज्वरावर नेमके औषध नाही, पण शांत जागी, मऊ अंथरुणावर सांभाळलेले कितीतरी घोडे उठून चालू लागतात.