ऋतूंच्या तंत्राने चालणारे घर

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकावरील केप यॉर्क द्वीपकल्पातल्या विक मुंकान लोकांचा वर्षभराचा जीवनक्रम जवळून पाहिलेल्या डॉनल्ड थॉमसन या मानवशास्त्रज्ञाने 1939 साली असे नमूद केले की, याच लोकांना एखाद्या परक्याने दोन निरनिराळ्या ऋतूंत पाहिले, तर निवारा, अवजारे आणि अन्न यांतील तफावतीमुळे ही दोन भिन्न जमातींची माणसे आहेत असेच तो समजेल. वसाहतीच्या अंमलदारांना एका मोसमातला आडोसा तेवढा दिसला आणि त्यावरून त्यांनी या लोकांच्या बुद्धीचा निवाडा केला, हा माझ्या मते घोर अन्याय होय.

उत्तरेकडील आर्नेम लँडच्या मुलखात पर्जन्यकाळ सुरू झाला की नीलगिरीच्या एका जातीच्या झाडात रस चढतो व साल खोडापासून सहज सुटू लागते. तेव्हा खोडाला वर आणि खाली गोल काप घेऊन, त्यांना जोडणारी उभी चीर पाडून साल अखंड सोलून काढतात, विस्तवावर धरून तिचे तंतू मऊ करतात आणि वजनाखाली दाबून तिचा सपाट तक्ता बनवतात. या तक्त्यांचे छप्पर पावसाला दाद देत नाही. दलदलीच्या जागी तर खांबांवर माळा उभारून त्याखाली धुमसता विस्तव ठेवीत. धुराने डास दूर राहत आणि माळ्यावर निर्वेध झोप लागे. पावसात आत अडकलेली माणसे सालीच्या आतल्या अंगावर गेरू आदी रंगांनी चित्रे काढीत, आणि तशीच चित्रे मानवशास्त्रज्ञ बॉल्डविन स्पेन्सर यांनी 1912 साली याच मुलखातल्या ओएनपेली येथे सुट्या सालींवर काढवून घेतली.

मध्य ऑस्ट्रेलियाच्या मरुभूमीतली तजवीज याहून साधी. हिवाळ्याच्या रात्री फांद्यांचा आडोसा वारा अडवतो, त्यामुळे अंगाभोवतीची ऊब वाहून जात नाही, आणि झोपणाऱ्यांच्या मधोमध पेटवलेल्या लहान शेकोट्या उष्णता थेट अंगावर टाकतात. उरलेला भार शरीर उचलते: शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्कोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत गोरी माणसे कुडकुडत जागी राहिली व त्यांचा चयापचय वाढला, तर मूलनिवासी त्वचा थंड होऊ देत, चयापचय न वाढवता, शांत झोपले.