ढालकिडा : इथला कोण, बाहेरचा कोण?

आम्ही बँकेतले कारकून. किड्यामुंग्यांचे शास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण परसातल्या सीताफळाने आम्हाला एक धडा दिला. फळांवर पिठ्या ढेकूण पडला होता. त्यातच पांढऱ्या, झुपकेदार अळ्या फिरताना दिसल्या. ढेकूणच मोठा झाला असे समजून आम्ही त्या वेचून चिरडल्या. पुढे शेतीतल्या एका जाणकार स्नेह्यांनी सांगितले, "अहो, तुम्ही राखणदारच मारलेत! शेजारच्या बागेत ते मुद्दाम आणून सोडले आहेत." तेव्हापासून आम्ही ढालकिडे पारखू लागलो.

विद्यार्थी मित्रांनो, पाठ ढालीसारखी फुगीर म्हणून हा ढालकिडा. इंग्रजीत त्याला लेडीबर्ड म्हणतात. आपल्या शिवारात मूळचेच असलेले तीन प्रकार हमखास आढळतात. पहिला लाल, पाठीवर ७ काळे ठिपके असलेला. दुसरा नारिंगी, त्यावर काळे आडवे पट्टे. तिसरा लहान, पिवळसर, पाठीवर नागमोडी काळ्या रेघा. तिघेही प्रामुख्याने मावा खातात. त्यांच्या अळ्याही मावाच खातात.

आता बाहेरचा पाहू. याचे नाव क्रिप्टोलिमस, मूळ देश ऑस्ट्रेलिया. तो १८९८ साली भारतात आणला गेला. लांबी सुमारे ४ मिलिमीटर, पाठ काळपट, डोके व पंखांची टोके नारिंगी. ठिपका एकही नाही. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या धाग्यांनी झाकलेली असते, म्हणून ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते. प्रत्यक्षात ती त्याच ढेकणाला खाते. प्रयोगशाळेत वाढवून हे किडे द्राक्ष, पेरू, सीताफळ यांच्या बागांत सोडतात. ऑस्ट्रेलियाचाच आणखी एक ढालकिडा, रोडोलिया, १९२९ साली निलगिरीत आणला गेला. तेथील झाडांवरील खवले किडीचा बंदोबस्त करण्यासाठी त्याला बोलावले होते.

मग इथले सगळे मित्रच का? नाही. वांग्याच्या पानावर २८ ठिपक्यांचा एक ढालकिडा बसतो. तोही आशियातलाच, पण पानातला हिरवा भाग खरवडून खातो. पानाची जाळी होते. त्याच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे ती चकाकत नाही. मावा खाणाऱ्यांची पाठ मात्र गुळगुळीत व चकचकीत असते. वांगी, बटाटा यांच्या पानांवर ही खूण जरूर तपासावी.

तात्पर्य, किडा कोठला यावरून त्याची किंमत ठरत नाही. तो काय खातो यावरून ठरते. बाहेरून आलेला राखण करतो आणि इथलाच पान कुरतडतो, असेही घडते. दिसला किडा की फवारा, या घाईत मित्र आधी मरतात, मावा पुन्हा वाढतो आणि औषधाचा खर्च शेतकऱ्याच्या कर्जात भर घालतो. फवारणीपूर्वी पाच मिनिटे पान उलटून पाहावे. आम्ही पाहिले नाही, म्हणून हे लिहीत आहोत.